ज्याचं गाणं त्याच्या नावावर

जानेवारी २०२६ च्या मुंबईच्या लोलापालूझा या संगीत महोत्सवाचं पोस्टर आलं आणि त्यात सगळ्यात वर लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडचं नाव दिसलं, तेव्हा आमच्या नांदेडच्या हॉस्टेलच्या पोरांचे फोन दोन दिवस थांबले नाहीत. पोरं आता नावालाच, सगळे पस्तिशीच्या आसपास आलेत, कुणी वाळूजला कंपनीत आहे, कुणी लातूरला क्लासवर शिकवतो, कुणी परभणीत घरचं दुकान बघतो. एकजण म्हणाला, देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभर बसून जायचं आणि स्टेजवर गाणारा चेस्टरच नाही, मग बघायचं कुणाला? दुसरा म्हणाला, त्याच्या जागी आलेली ती बाई गाते चांगली, पण त्याला लिंकिन पार्क म्हणू नका. तिसऱ्याचं म्हणणं वेगळंच, चेस्टरची पन्नासेक गाणी यांनी कुलपात घालून ठेवलीत, ती बाहेर काढायची सोडून हे नवीन कशाला करायलेत. मी विचारलं, पन्नास हा आकडा कुठून आणलास रे? तर म्हणे, सगळ्यांना माहितीय.

हे "सगळ्यांना माहितीय" मला लई लागलं. आवडत्या बँडबद्दल अंदाज बांधणं, कोण सोडून गेला, का गेला, कोणतं गाणं रेकॉर्ड करून ठेवलंय, ते कधी येणार यावर रात्र रात्र बोलणं यात काही गैर आहे असं मला वाटत नाही, उलट ज्याच्यावर जीव आहे त्याच्याबद्दलच माणूस एवढं बोलतो. पण अंदाज हा अंदाज म्हणूनच सांगितला पाहिजे, आणि ज्यानं जे गायलं, वाजवलं ते त्याच्याच नावावर राहिलं पाहिजे, एवढी एक गोष्ट आपण फॅन लोकांनी पाळलीच पाहिजे असं माझं ठाम मत झालंय. हे मत कुठून आलं ते आधी सांगतो.

आमच्याकडं रॉक आला तो मेमरी कार्डातून. मी बारावीत होतो तेव्हा बसस्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात कार्ड द्यायचं, वीस-तीस रुपये द्यायचे आणि तासाभरानं गाणी भरून घ्यायची. हिंदी, मराठी, भक्तिगीतं, डीजे आणि सगळ्यात खाली "इंग्लिश" नावाचा फोल्डर. त्या फोल्डरमध्ये माझ्यासाठी एक अख्खं जग होतं, पण त्या जगातल्या पाट्या चुकीच्या होत्या. त्यात "ब्रिंग मी टू लाईफ" हे गाणं लिंकिन पार्कच्या नावानं होतं. खरं तर ते इव्हानेसन्स या बँडचं, २००३ चं, गाणारी एमी ली आणि मध्ये जो पुरुषी आवाज येतो तो ट्वेल्व्ह स्टोन्स या दुसऱ्याच बँडच्या पॉल मॅकॉयचा. पण फाईलवर लिंकिन पार्क लिहिलंय म्हणजे लिंकिन पार्क. मग मी त्यावर पूर्ण गोष्ट रचली, की या बँडमध्ये आधी एक बाई होती, तिला काढून टाकलं, तिची बाकीची गाणी दाबून ठेवलीत वगैरे, आणि ती गोष्ट नांदेडला गेल्यावर हॉस्टेलमध्ये इतक्या खात्रीनं सांगितली की माझ्या मागच्या बॅचची पोरंही तेच सांगायला लागली. ही चूक तेव्हा एकट्या माझीच नव्हती, इंटरनेटवर ते गाणं याच चुकीच्या नावानं जगभर फिरत होतं. तरीपण चार वर्षं मी एका बाईचा आवाज रोज कानात घालून फिरलो आणि तिचं नाव मला माहिती नव्हतं. तिचं गाणं मी दुसऱ्याच्या खात्यावर टाकत होतो. हे कळलं त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

आता लाईनअपचं, म्हणजे बँडमध्ये कोण कोण आहे त्याचं बघू. "मूळ लिंकिन पार्क" असं जे लोक म्हणायलेत त्यांना विचारावं वाटतं, मूळ म्हणजे कुठलं? हा बँड सुरू झाला तेव्हा त्याचं नाव झीरो होतं, इंग्रजी एक्स अक्षरानं लिहायचे, आणि गाणारा होता मार्क वेकफिल्ड. तो बँड सोडून गेल्यावर १९९९ मध्ये चेस्टर बेनिंग्टन आला, मग नाव झालं हायब्रिड थिअरी, आणि मग लिंकिन पार्क. ऑक्टोबर २००० मध्ये पहिला अल्बम आला आणि आपल्याला जे माहिती आहे ते तिथून पुढचं. म्हणजे जो आवाज आपण मूळ समजतो तोच दुसरा आहे, कुणाच्या तरी जागेवर आलेला आहे. तेव्हाच्या दहा-वीस लोकांनी "वेकफिल्ड नाही तर बँड नाही" म्हणून धरून ठेवलं असतं आणि बँडनं ते ऐकलं असतं, तर चेस्टर आपल्यापर्यंत आलाच नसता.

२० जुलै २०१७ ला चेस्टर वारला. त्यानंतर सात वर्षं या लोकांनी लिंकिन पार्क म्हणून नव्या गाण्यांचा अल्बम काढला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये डेड सारा या बँडची एमिली आर्मस्ट्राँग गायला आली, ड्रमवर कॉलिन ब्रिटन आला, आणि नोव्हेंबरात "फ्रॉम झीरो" हा अल्बम काढला. त्या नावातच त्यांनी पहिल्या नावाची आठवण ठेवलीय, ते मला फार आवडलं. जुना ड्रमर रॉब बॉर्डन परत आला नाही आणि गिटारवाला ब्रॅड डेल्सन गाणी करतो, रेकॉर्डिंगला असतो पण दौऱ्यावर जात नाही, त्याच्या जागी स्टेजवर ॲलेक्स फेडर वाजवतो. एवढ्यावर लोकांनी काय काय रचलं, भांडण झालं, पैशावरून झालं, चेस्टरच्या जागी दुसरं कुणी घेतलं हे पटलं नाही म्हणून झालं. असेलही, नसेलही. माणसाला नसेल फिरायचं, एवढं साधं कारण आपल्याला पुरत कसं नाही?

मला हे वाचताना आमच्या गावचं भजनी मंडळ आठवतं. गंगाखेडच्या अलीकडं आमचं गाव. आबा, म्हणजे माझे आजोबा, पेटी वाजवायचे आणि गायचे, आणि पखवाजावर आमच्या मळ्याशेजारचे एक काका. ते भजन सुरू व्हायच्या आधी अर्धा तास येऊन बसायचे. वाटीत कणीक भिजवून आणलेली असायची, ती पखवाजाच्या डाव्या तोंडाला थापायची, अंगठ्यानं कड दाबत दाबत गोल करायची, मग एक थाप मारून कान लावायचा, चिमूटभर कणीक काढायची, पुन्हा थाप. कधी कधी पाच-सहा वेळा. आबा तोपर्यंत गप बसून राहायचे, घाई करायचे नाहीत. एका वर्षी कार्तिकातल्या काकड्याला काका आलेच नाहीत, आणि पुढंही येईनात. गावात लगेच सुरू झालं, आबांशी बिनसलं, बिदागीवरून वाजलं, दुसऱ्या गावच्या मंडळानं ओढून नेलं. खरं कारण असं होतं की काकूंचं डायलिसिस सुरू झालं होतं आणि आठवड्यातून दोनदा पहाटे एसटी धरून नांदेडला न्यावं लागायचं. ते त्यांना चारचौघात सांगायचं नव्हतं. त्यांना नव्हतं सांगायचं, म्हणून गावानं आपल्या मनानं कारण भरून टाकलं, आणि ते कारण काकांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी देवळात यायचंच बंद केलं. नंतर त्यांचा पुतण्या वाजवायला लागला. त्याचा हात जड, कणीक कमी लावायचा, डाव्या बाजूचा आवाज मोकळा यायचा, पहिला सप्ताह लोक कुजबुजत राहिले की बसत नाही हात. पण मंडळाचं नाव तेच राहिलं, आणि आबा दरवेळी नमनाच्या आधी काकांचं नाव घ्यायचे, की हा पखवाज त्यांचा आहे. बँडचं नाव पुढं चालवणाऱ्यांकडून मला एवढंच पाहिजे, गेलेल्याचं नाव घ्या आणि आलेल्याला त्याच्या हातानं वाजवू द्या.

एसी/डीसी या बँडचं उदाहरण तर सगळ्यांना तोंडपाठ पाहिजे. फेब्रुवारी १९८० मध्ये त्यांचा गाणारा बॉन स्कॉट वारला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रायन जॉन्सनच्या आवाजात "बॅक इन ब्लॅक" आला. तेव्हापासून आजपर्यंत एक अफवा चालूच आहे की त्या अल्बममधले शब्द बॉननंच लिहून ठेवले होते आणि ते गुपचूप वापरले. बँड इतकी वर्षं नाही म्हणत आलाय. ज्या माणसानं तो अल्बम गाऊन दाखवला त्याला चाळीस-पंचेचाळीस वर्षं आपण संशयितासारखं उभं केलंय, आणि तेही प्रेमापोटी, बॉनवरच्या प्रेमापोटी! प्रेमापोटी केलेला अन्याय हा अन्यायच असतो, त्याला काही सूट मिळत नाही.

आता न आलेल्या गाण्यांकडं येतो, कारण खरा वाद तिथं आहे. "लॉस्ट" नावाचं गाणं फेब्रुवारी २०२३ मध्ये आलं, "मेटिओरा" अल्बमला वीस वर्षं झाली त्या निमित्तानं. चेस्टरचा २००२-०३ चा आवाज, तरणाबांड, आणि तो अचानक सकाळी फोनवर वाजतो, मी तेव्हा सिडकोत रिक्षात होतो, मला उतरायचं भान राहिलं नाही. ते गाणं पूर्ण झालेलं होतं, "नंब" या गाण्याच्याच जवळ जाणारं होतं म्हणून अल्बममधून बाजूला ठेवलं, असं बँडनंच सांगितलंय. त्याआधी २०२० मध्ये पहिल्या अल्बमच्या विसाव्या वर्षी "पिक्चरबोर्ड" आलं, ज्याची लोक वर्षानुवर्षं वाट बघत होते. २०२४ मध्ये "फ्रेंडली फायर" आलं. म्हणजे कुलपात काहीच नाही असं मी म्हणत नाही, होतं आणि निघालं. पण ते बँडनं काढलं, त्यांना वाटलं तेव्हा, त्यांना वाटलं त्या रूपात, आणि कोणत्या साली केलं होतं ते सांगून. आपल्या देशातल्या इंडियन ओशन या बँडचं बघा, २००९ च्या डिसेंबरात असीम चक्रवर्ती गेले आणि २०१० मध्ये त्यांच्या आवाजातली "१६/३३० खजूर रोड"ची गाणी बँडनं इंटरनेटवर फुकट दिली. फुकट! नांदेडला हॉस्टेलच्या एका पेनड्राईव्हवरून ती अख्ख्या मजल्यावर गेली आणि त्यात चोरी काहीच नव्हती. त्या गाण्यांवर नाव बरोबर होतं, ती पोरं आजही सांगतील की हा असीमचा आवाज.

गन्स एन रोझेस या बँडचं तर अख्खं पुराणच आहे. १९८७ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हाचे पाच जण, त्यातला ड्रमर स्टीव्हन ॲडलर १९९० मध्ये बँडमधून गेला, इझी १९९१ मध्ये, स्लॅश १९९६ मध्ये, डफ त्याच्या पुढच्या वर्षी, आणि उरला एकटा गाणारा ॲक्सल. मग "चायनीज डेमोक्रसी" वर्षानुवर्षं चालू, गिटारवाले येतात जातात, लोक रोज नवीन यादी काढतात की यात ही ही गाणी आहेत, आणि अल्बम येतो २००८ च्या नोव्हेंबरात. त्याच वर्षी एका फॅननं त्यातली नऊ गाणी आधीच इंटरनेटवर टाकली तर त्याला अमेरिकेत अटक झाली. आणि गंमत बघा, त्या जमान्यातली राहिलेली गाणी पुढं २०२१ आणि २०२३ मध्ये आली, तोपर्यंत स्लॅश आणि डफ परत आले होते, त्यांनी त्यावर वाजवलं. म्हणजे जे गाणं ते नसताना जन्मलं ते त्यांच्या हातून पूर्ण झालं. आता सांगा, हे गाणं कुठल्या लाईनअपचं? मला वाटतं याचं खरं उत्तर एवढंच, की ज्यानं ज्यानं वाजवलं त्या सगळ्यांचं. यादी लांब झाली तर होऊ द्या.

यावर एक मुद्दा नेहमी येतो आणि तो खोटा नाही. लोक म्हणतात गाणं एकदा झालं की ते लोकांचं, आणि लपवून ठेवलेलं कुणी बाहेर काढलंच नसतं तर आपण केवढ्याला मुकलो असतो. बहिणाबाईंचं उदाहरण देतात. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, पुढच्या वर्षी सोपानदेवांनी आणि अत्र्यांनी त्यांची गाणी छापली, नाही तर शेतात आणि जात्यावर गायलेलं ते सगळं तिथंच विरून गेलं असतं. मला हे शंभर टक्के मान्य आहे. पण ती गाणी घरच्या लेकानं जपली, आईच्या नावानं दिली, आणि बहिणाबाईंनी "हे कुणाला ऐकवू नका" असं सांगितलं होतं असं कुठं आहे? ज्यानं सांगितलंय, किंवा स्वतः निवडून बाजूला ठेवलंय, त्याची गोष्ट वेगळी.

माझ्याकडं आबांची एक कॅसेट आहे. जत्रेत कुणीतरी टेपरेकॉर्डर लावून भरलेली. पहिल्या बाजूला तीन अभंग आणि एक गवळण, आणि दुसऱ्या बाजूला एकच अभंग, ज्यात वरच्या सुराला आबांचा आवाज फाटला आणि ते मध्येच थांबले, पेटी तेवढी थोडी पुढं गेली आणि मग तीही थांबली. त्या बाजूवर निळ्या बॉलपेननं आबांच्या अक्षरात लिहिलंय, "ही ऐकवू नये." आबा जाऊन नऊ वर्षं झाली. माझा चुलतभाऊ दोनदा म्हणाला, दे, यूट्यूबवर टाकू, उलट तीच बाजू लोकांना जास्त भिडेल. भिडेल, मला माहितीय, मी एकट्यानं ऐकलीय. पहिली बाजू मी त्याला दिली. दुसरी दिली नाही.

म्हणून मला ज्याची खरी भीती वाटते ते लीकपेक्षाही पुढचं आहे. आता मशीनला चेस्टरचा आवाज शिकवून त्याच्याकडून काहीही गाऊन घेता येतं आणि ते "न आलेला डेमो" म्हणून फिरतं. इथं एक फरक नीट समजून घ्यायला पाहिजे. बीटल्सचं शेवटचं गाणं २०२३ मध्ये आलं त्यातही मशीन वापरलं होतं, पण त्यानं जॉन लेननच्या जुन्या घरगुती कॅसेटवरचा आवाज पियानोपासून वेगळा काढला, आवाज त्याचाच, शब्द त्याचेच, आणि पॉल आणि रिंगोनं ते पूर्ण केलं. कॅसेटवरची धूळ झाडणं वेगळं आणि मेलेल्या माणसाच्या तोंडात नवीन शब्द घालणं वेगळं.

याचं पुढं काय होतं हे मराठवाड्याच्या माणसाला तरी दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी आम्ही नामदेवांचं जन्मगाव मानतो. त्यांच्या गाथेत आज दोन हजारांच्या वर अभंग आहेत, पण त्यातले सगळे त्यांचे नाहीत हे अभ्यासक सांगत आलेत, कारण "नामा म्हणे" ही मुद्रा पुढं इतरांनीही लावली. सोळाव्या शतकात होऊन गेलेले विष्णुदास नामा हे तर स्वतः मोठे कवी, मराठीत महाभारत लिहिलेले, पण त्यांचे अभंग आणि नामदेवांचे अभंग असे मिसळले की वेगळे करता करता पंडितांची हयात गेली. यात दोघांचंही नुकसान झालं, नामदेवांच्या नावावर त्यांनी न म्हटलेलं चढलं आणि विष्णुदासांचं त्यांच्या नावावरून उतरलं. आणि त्याच नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, १६०४ मध्ये ग्रंथ तयार झाला तेव्हापासून जशीच्या तशी, कारण तिथं प्रत्येक पदावर कुणाचं ते लिहून ठेवलं आणि त्याला हात लावायचा नाही असं ठरलं. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या समोरच्या रस्त्यानं आम्ही चार वर्षं कॉलेजला गेलो-आलो. एकाच माणसाचा शब्द एका ठिकाणी राखला गेला आणि दुसऱ्या ठिकाणी वाहून गेला, हे आमच्या घराजवळचं आहे, कॅलिफोर्नियातलं नाही.

मागच्या महिन्यात परभणीच्या मित्रानं मला एक फाईल पाठवली. नाव होतं "चेस्टर २०१६ न आलेलं गाणं". ऐकलं. आवाज हुबेहूब, पण श्वास कुठंच घेतलेला नाही, सलग मोठी ओळ ओरडून झाली तरी दम लागत नाही, आणि चेस्टरच्या गाण्यात तर ओरडून झाल्यावरचा तो ओढलेला श्वासच आधी ओळखू येतो. मी त्याला फोन केला, म्हणालो हे मशीनचं आहे. तो म्हणाला, असू दे की, मला ऐकून बरं वाटतं, चार दिवस झोप नव्हती, हे लावून झोपलो. यावर मी काय बोलणार, त्याचं दुःख मला माहिती आहे, त्याच्या धाकट्या भावाचं काय झालं तेही माहिती आहे. डिलीट कर असं मी म्हणालो नाही. एवढंच म्हणालो की तू हे पुढं पाठवशील, तो पुढं पाठवेल, आणि दहा वर्षांनी एखादं बारावीचं पोरगं तुझ्या फाईलचं नाव वाचून त्यालाच चेस्टर समजेल, मी एमी लीला लिंकिन पार्क समजलो तसं. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, थांब, फोन चालू ठेव.

दोन मिनिटांनी तीच फाईल पुन्हा आली. नाव बदललं होतं, "मशीनचा आवाज, चेस्टर नाही".